रापणीच्या दोराचं शेवटचं टोक

पावसाळा सरून मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने मोठं जाळं ओढायची मासेमारी, सुरू झाली की आमच्या वाडीतला एक जण पहाटे सगळ्यांच्या आधी हजर. वय 36, डाऊन सिंड्रोम. दोराच्या शेवटच्या टोकाला त्याची जागा ठरलेली. वाट्याचे चार बांगडे पिशवीतून आईला नेऊन देणार, मगच चहा.

वडील गेले आणि पाचेक महिन्यांनी त्याने येणं सोडलं. जेवण तुटलं, रात्रीची झोप गेली. वडिलांच्या चपला खळ्यात मांडून तो उंबऱ्यावर बसून राही. लोक म्हणत, "तो असोच आसा. तेका काय कळता?"

त्याला कळत होतं. डाऊन सिंड्रोममध्ये 21व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. बहुतेकांना बोलता येतं त्याहून कितीतरी जास्त समजतं. त्यामुळे दुःख शब्दांतून न येता वागण्यातून येतं, आणि पुष्कळदा काही महिने उशिरा येतं. अंत्यविधीच्या दिवशी याला 'त्रास नको' म्हणून मावशीकडे धाडलं होतं. बाबा कुठे गेले, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

1983च्या सुमारास अमेरिकेत अशा व्यक्तींचं सरासरी आयुष्य 25 वर्षं होतं, आज ते साठीच्या आसपास आहे. म्हणजे आईवडिलांचा मृत्यू आता त्यांना पाहावा लागतो. घरांनी त्याची तयारी केलेली नसते.

उदासी ओळखताना शरीरही तपासावंच लागतं. थायरॉईड मंदावणं, झोपेत श्वास अडणं, कमी ऐकू येणं, मोतीबिंदू हे सगळं यांच्यात जास्त आढळतं आणि माणसाला गप्प करतं. चाळिशीनंतर अल्झायमरचा धोका खरोखरच मोठा असतो, कारण या आजारात मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाचं जनुक याच 21व्या गुणसूत्रावर आहे. तरी प्रत्येक बदल आधीच 'विसरभोळेपणा' म्हणून सोडून देऊ नये. थायरॉईड आणि नैराश्य दोन्हींवर उपचार आहेत. एकट्याने स्वतःशी बोलणं मात्र बहुतेकदा आजार नसतो. दिवसभरात घडलेलं मनात नीट लावण्याची ती त्यांची रीत असते. बोलण्याचा सूर अचानक बदलला, भेदरल्यासारखा झाला, तर डॉक्टर गाठावा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो.

याच्या रक्ततपासणीत थायरॉईड निघाला, गोळी सुरू झाली. वर्षश्राद्धाला कावळ्याचं पान आईने त्याच्याच हातून ठेवलं, आणि फोटो दाखवून बाबा गेले असं सरळ सांगितलं. तो खूप रडला. दोराला त्याने अजून हात लावलेला नाही. पहाटे येऊन होडीच्या सावलीत बसतो, आणि बांगडे मोजतो.