राज्यविभाजनाचे प्रस्ताव : बेळगाव सीमाभाग

कर्नाटकाच्या वायव्य सीमेवरील बेळगाव जिल्ह्याच्या संदर्भात १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून पुढे आलेल्या प्रादेशिक फेररचनेच्या मागण्या. त्यांचे तीन प्रकार पडतात. मराठी भाषक गावे महाराष्ट्रात विलीन करावीत ही पहिली, बेळगाव व कलबुर्गी या महसूल विभागांचे मिळून उत्तर कर्नाटक हे वेगळे राज्य करावे ही दुसरी आणि खुद्द बेळगाव जिल्ह्याचेच तुकडे पाडावेत ही तिसरी. वर्तमानपत्री लिखाणात पहिल्या दोहोंची सरमिसळ होते, पण ती टाळणे आवश्यक आहे. पहिली मागणी सीमादुरुस्तीची आहे आणि तिचा आधार भाषा हा आहे. दुसरी राज्यविभाजनाची असून ती विकासाच्या असमतोलावर उभी आहे. सीमावासीयांच्या दृष्टीने दुसऱ्या मागणीने राजधानी बदलेल, राज्यकारभाराची भाषा बदलणार नाही.

बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जुन्या मुंबई राज्यातील चार जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेले. सीमाभागात हा दिवस काळा दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची पायाभरणी मात्र दहा वर्षे आधी बेळगावातच झाली होती. मे १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली तेथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात तसा ठराव झाला. त्याच शहरात १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. कर्नाटक एकीकरणाच्या चळवळीतही त्या अधिवेशनाला मानाचे स्थान दिले जाते. एकाच शहराला दोन एकीकरण चळवळींनी आपले मानले, हे या वादाचे मूळ लक्षात घेताना विसरू नये.

घटकाचा प्रश्न. सीमा आखताना मोजणीचा घटक कोणता धरावा, जिल्हा, तालुका की खेडे, या एका मुद्द्यावर सगळा वाद येऊन ठेपतो. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्यपुनर्रचना आयोगाने (अहवाल १९५५) सामान्यतः जिल्हा हा घटक मानला. बेळगाव जिल्ह्यापुरता मात्र त्याने याला अपवाद केला. चंदगड तालुका स्पष्ट मराठी बहुमतामुळे मुंबई राज्याकडे ठेवण्यात आला व तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांना हा न्याय लागू झाला नाही. या भागाचे आर्थिक व्यवहार दोन्ही भाषक प्रदेशांशी आहेत आणि जिल्ह्यातील उरलेले तालुके कर्नाटकात जात असता बेळगावही त्यांच्यासोबत जाणे प्रशासनाला सोयीचे, असा आयोगाचा युक्तिवाद होता. १९५१ च्या जनगणनेत बेळगाव शहरात मराठी भाषक सुमारे ६० टक्के होते. चंदगडसाठी तालुका आणि बेळगावसाठी जिल्हा असे दोन घटक एकाच जिल्ह्यात का वापरले, याचे समाधानकारक उत्तर अहवालात सापडत नाही. कन्नड अभ्यासक प्रशासकीय सोयीवर भर देतात, मराठी अभ्यासक या विसंगतीवर बोट ठेवतात. कागदपत्रे पाहता विसंगतीचा मुद्दा अधिक वजनदार ठरतो.

मुंबई राज्याने १९५७ मध्ये केंद्राला दिलेल्या निवेदनात ८१४ गावे मागितली आणि बदल्यात कन्नड बहुमताची २६० गावे देऊ केली. पुढे मागणीतील गावांचा आकडा ८६५ असा रूढ झाला. या निवेदनामागे चार तत्त्वे होती : खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा. आंध्र व मद्रास यांच्यातील सीमातंट्यात ह. वि. पाटसकर यांनी खेडे हा घटक धरला होता, म्हणून हे सूत्र पाटसकर सूत्र म्हणून ओळखले जाते. १९६० मध्ये दोन्ही राज्यांच्या प्रत्येकी दोन प्रतिनिधींची समिती नेमली गेली, पण तिच्यात एकमत होऊ शकले नाही. सेनापती बापट यांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमण्यात आला. त्याने १९६७ मध्ये निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला, तर दक्षिण सोलापूर, अक्कलकोट वगैरे भागांतील २४७ गावे म्हैसूरला द्यावीत अशी शिफारस केली. बेळगाव शहर तीन बाजूंनी कन्नड प्रदेशाने वेढलेले असल्याचे सांगून ते म्हैसूरकडेच ठेवले. म्हणजे निपाणी-खानापूरसाठी तालुका व जिल्हा मोडण्यास आयोग तयार होता, पण बेळगावपाशी तो थांबला. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. कर्नाटकाने तो स्वीकारला आणि तोच अंतिम मानावा अशी भूमिका घेतली. महाराष्ट्राने २००४ मध्ये संविधानाच्या अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. त्याचा निकाल लागेपर्यंत वादग्रस्त भाग केंद्रशासित करावा, अशी मागणी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जानेवारी २०२१ मध्ये केली.

उत्तर कर्नाटक राज्य. या मागणीचा आरंभ काहीजण १९५३–५५ च्या ‘दोन कन्नड राज्ये’ या चर्चेत पाहतात. ते ग्राह्य वाटत नाही. त्या काळी वेगळे राहण्याची इच्छा जुन्या म्हैसूर संस्थानातील एका गटाची होती आणि एकीकरणाचा आग्रह धारवाड-हुबळीकडचा. आलूर वेंकटराव यांच्यासारखे एकीकरणाचे प्रणेते उत्तरेतलेच. बेळगावचे गंगाधरराव देशपांडे तर टिळकांचे अनुयायी आणि कर्नाटकाचे नेते अशा दोन्ही नात्यांनी ओळखले जात. आजची मागणी उत्तरेकडून येते आणि तिचे कारण वेगळे आहे. तिला ठोस आधार मिळाला तो राज्यातील प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या डी. एम. नंजुंडप्पा समितीच्या २००२ च्या अहवालाने. राज्यातील १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरले. त्यांतील ३९ अतिमागास होते आणि या ३९ पैकी २६ उत्तर कर्नाटकात होते. पण या २६ पैकी २१ गुलबर्गा (आताच्या कलबुर्गी) विभागातील असून बेळगाव विभागातील फक्त ५ आहेत. हा तपशील बहुधा दुर्लक्षिला जातो. ९८ व्या घटनादुरुस्तीने आलेला, विशेष तरतुदींचा अनुच्छेद ३७१ (ञ) जुन्या हैदराबाद-कर्नाटकाला (पूर्वीच्या हैदराबाद राज्यातील कन्नड भागाला) लागू झाला, बेळगावला नाही. त्यामुळे बेळगावकडील मागणीत मागासलेपणापेक्षा बंगळूरचे अंतर, सिंचन आणि मंत्रिमंडळातील वाटा हे मुद्दे अधिक येतात.

बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरीचे आमदार उमेश कत्ती यांनी ही मागणी सातत्याने मांडली. जून २०२२ मध्ये, मंत्रिपदावर असताना, कर्नाटकाची दोन, महाराष्ट्राची तीन आणि उत्तर प्रदेशाची चार राज्ये होतील असे भाकीत त्यांनी केले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. २०१८ च्या अर्थसंकल्पानंतर बंदची हाकही दिली गेली होती. शासनाने याला संस्थात्मक उत्तर दिले. २००६ पासून बेळगावात विधिमंडळाचे अधिवेशन, २००८ मध्ये धारवाडला उच्च न्यायालयाचे खंडपीठ, ऑक्टोबर २०१२ मध्ये बेळगावजवळ हलगा-बस्तवाड येथे सुवर्ण विधानसौध ही विधिमंडळाची इमारत. अधिवेशन बेळगावात भरवण्यामागे उत्तरेचे समाधान हा एक हेतू असला, तरी बेळगावावरील हक्क ठसवणे हा दुसरा हेतू उघड आहे. म्हणूनच सीमाभाग महाराष्ट्रात विलीन व्हावा यासाठी लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती अधिवेशनाला उत्तर म्हणून महामेळावा भरवत आली आहे.

संविधानाच्या अनुच्छेद ३ नुसार नवे राज्य निर्माण करण्याचा किंवा सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, मात्र ते बंधनकारक नसते. डॉ. आंबेडकरांनी १९५५ च्या भाषिक राज्यांविषयीच्या पुस्तिकेत एका भाषेची अनेक राज्ये असावीत असे प्रतिपादन करून महाराष्ट्राचे चार भाग सुचवले होते. उत्तर कर्नाटकाचे समर्थक हा दाखला देऊ शकतात. मात्र एका राज्यात एकच भाषा असावी हाही त्याच प्रतिपादनाचा भाग होता आणि सीमाभागाला तो अधिक लागू पडतो.

पाण्याच्या प्रश्नात दोन्ही मागण्या एकमेकींना छेदतात. हुबळी-धारवाडला हवे असलेले म्हादई नदीचे पाणी ज्या कणकुंबी परिसरातून वळवायचे, तो खानापूर तालुक्यातील मराठी मुलूख आहे. म्हादई लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. उत्तर कर्नाटकाच्या मागणीतला सर्वांत धगधगता विषय अशा रीतीने महाराष्ट्राने दावा केलेल्या गावांच्या शिवारात जाऊन पोचतो.

जिल्हाविभाजन. क्षेत्रफळ सुमारे १३,४१५ चौ. किमी. आणि २०११ ची लोकसंख्या ४७ लाखांहून अधिक असलेल्या या जिल्ह्यातून चिक्कोडी व गोकाक हे वेगळे जिल्हे करावेत, ही मागणी जुनी आहे. अथणीच्या शेतकऱ्याला जिल्हा कचेरीच्या कामासाठी बेळगाव गाठायचे तर अख्खा दिवस मोडतो. १९९७ मध्ये जे. एच. पटेल सरकारने राज्यात सात नवे जिल्हे केले, पण बेळगावच्या विभाजनाचा निर्णय कन्नड संघटनांच्या विरोधामुळे मागे पडला. चिक्कोडी-गोकाक बाजूला काढल्यास उरलेल्या जिल्ह्यात मराठी भाषकांचे प्रमाण वाढेल, ही त्यामागची धास्ती.

ही धास्ती अनाठायी नाही, कारण भाषिक अल्पसंख्याकांना मिळणाऱ्या सोयी टक्केवारीवर ठरतात. जेथे एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के वा अधिक असतील, तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे केंद्राचे धोरण आहे. प्रत्यक्षात खानापूरच्या मराठी शेतकऱ्याच्या हाती पडणारा जमिनीचा उतारा कन्नडमध्ये असतो आणि स्वतःच्याच शेताचे वर्णन त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. अख्ख्या जिल्ह्यात मराठी भाषक १८ टक्क्यांच्या आसपास आहेत. जिल्हा फुटला तर बेळगाव-खानापूर भागात हे प्रमाण बरेच वर जाईल, गोकाकच्या बाजूला ते नगण्य उरेल. निपाणी चिक्कोडी जिल्ह्यात जाईल आणि तेथील मराठी माणसांची गणना खानापूरच्या मराठी माणसांपासून वेगळी होईल.