टँकचं पाणी बदलायचं की नाही: शेवाळाच्या वादाची पार्श्वभूमी

पुण्यात घरी छोटा टँक ठेवणाऱ्यांच्या दोन तक्रारी असतात, काचेवर शेवाळ धरतंय ही एक आणि मासे टिकत नाहीत ही दुसरी, आणि दुकानदार दोन्हीला दोन वेगळ्या बाटल्या काढून देतो. पण पाणी एकच आहे ना. या दोन गोष्टींची फारकत कशी झाली हे बघायचं तर पाणी बदलायच्या जुन्या भांडणात शिरावं लागतं, म्हणून खाली तोच भाग सगळ्यात लांब झालाय.

लांबचा इतिहास पटकन उरकतो. १८५० साली लंडनमधल्या एका रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया (गवतासारख्या पानांची पाणवनस्पती) ठेवल्याचं लिहिलं, पानं कुजून पाणी खराब व्हायला लागलं, हिरवा थर चढायला लागला, तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या आणि भांडं पाणी न बदलता चालू राहिलं. १८५३ ला तिथल्याच प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि घरोघरी टँक ठेवायचं वेड पसरलं. म्हणजे शेवाळ आणि माशांची तब्येत सुरुवातीपासून एकाच प्रयोगात होती, पण लोकांनी त्यातून उचललं ते एवढंच की टँक 'समतोल' असला की पाण्याला हात लावायचा नाही. जुनं, पिवळसर झालेलं पाणी म्हणजे मुरलेलं पाणी, ते ओतून द्यायचं नाही, हा समज त्यानंतर कित्येक दशकं टिकला.

आपल्याकडे १९५१ ला मुंबईत चौपाटीजवळ मोठं मत्स्यालय उघडलं, पुण्याच्या कितीतरी घरांत माशांची हौस आली ती तिथली सहल करून आल्यावर. पण पुण्यातला खरा जोर ऐंशी-नव्वदच्या दशकातला. दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक, म्हणजे काठोकाठ भरला तर साधारण ५६ लिटर, वर ट्यूबलाइटचं झाकण, तळाला रंगीत खडी, खडीखाली प्लास्टिकची जाळीदार प्लेट, तिच्या नळीतून बुडबुडे, आणि झाकण उघडून बुडबुडे सोडणारी खजिन्याची पेटी. त्या प्लेटला लोक शोभेची वस्तू समजायचे, पण टँकमधला सगळ्यात कामाचा भाग तोच होता, कारण खडीतून पाणी खाली ओढलं जायचं आणि माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया खाणारे बॅक्टेरिया त्या खडीवरच राहायचे.

आणि नेमकी ती खडीच आपण दर महिन्याला धुवायचो! माशांची ओंजळभर पिशवी बाजूला, सगळं पाणी मोरीत, खडी बादलीत घेऊन नळाखाली खळखळून पाणी नितळ येईपर्यंत चोळायची, काचा घासायच्या, परत भरायचं. दवाखान्यांत आणि हॉटेलांत महिन्याच्या कंत्राटावर येणारी मुलंही हेच करायची आणि अजून करतात. टँक दोन दिवस आरशासारखा दिसतो. मग पाणी दुधाळ होतं, मासे वर येऊन तोंड मारायला लागतात, आठवड्याभरात काचेवर तपकिरी थर, महिना भरायच्या आत हिरवा, की परत धुवा. क्लोरीनच्या पाण्याने खडी धुतली की बॅक्टेरियांची वस्ती जवळपास शून्यावर, त्यामुळे तो टँक कधी महिनाभरापेक्षा जुना होतच नाही. तपकिरी थर तर नव्या टँकचंच लक्षण आहे, आणि आपण दर महिन्याला नवा टँक लावत होतो.

याच्या विरुद्ध दुसरा पक्ष होता, 'पाणी बदललं की मासे मरतात' वाला. यांना अडाणी म्हणून उडवून लावायची पद्धत आहे, ती मला पटत नाही, कारण ते जे सांगायचे ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असायचं. दोन वर्षं पाणी न बदललेल्या टँकमध्ये मासे ठणठणीत, कुणीतरी सांगितलं म्हणून अर्धं पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मासे तळाला. हे घडायचं आणि त्याला कारण आहे. बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं, ते पाण्यातला केएच, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, हळूहळू संपवतं आणि मग पीएच घसरतो. पीएच फार घसरला की बॅक्टेरियांचं कामही मंदावतं, अमोनिया साठायला लागतो, पण आम्लीय पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो आणि त्या रूपात माशांना फारसा त्रास देत नाही. आता त्यात पीएच ८ चं बोअरचं पाणी ओता. २५ अंशाला पीएच ७ वर एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपासच विषारी रूपात असतो, पीएच ८ वर तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. दहापट विष एका बादलीत, वर क्लोरीन असेल तर कल्ले भाजले ते वेगळंच.

म्हणजे मासे मारले ते दोन वर्षं न बदललेल्या पाण्याने, शेवटच्या बादलीने फक्त निमित्त केलं. पण निरीक्षण खरं आणि निष्कर्ष उलटा असं झालं की तो समज मोडायला फार वेळ लागतो, आणि तसंच झालं. त्यात दोन्ही पक्षांना एकमेकांचे मेलेले मासे पुरावा म्हणून मिळायचे. मधला रस्ता, दर आठवड्याला पाव-तृतीयांश पाणी, खडी जागेवरच ठेवून सायफनने वरवरची घाण ओढायची, नवीन पाणी क्लोरीन घालवूनच टाकायचं आणि फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, हा आपल्याकडे रुळला तो नेट घराघरात आल्यावर. क्लोरीनसाठी जुनी मंडळी आदल्या रात्री बादली भरून ठेवायची किंवा फोटो स्टुडिओवाल्याकडून हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, खडे आणायची, आज ज्या अँटीक्लोरच्या थेंबांना पैसे मोजतो त्यातल्या बहुतेकांत हायपोच असतो. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी कमी दाबाने आणि बऱ्याचदा गढूळ येतं, त्यामुळे पाणी बदलायचा वार शनिवार-रविवारवर गेला तो सुट्टीमुळेच असं नाही.

मधल्या काळात औषधांचं कपाट भरत गेलं. निळं औषध, पिवळं औषध, पांढरे ठिपके आले की मॅलाकाइट ग्रीन, आणि कुठल्याही दुखण्यावर टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून पाण्यात. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या कातडीत असताना त्याला औषध लागतच नाही, तो सुटून पाण्यात पोहत असतो तेवढ्याच अवस्थेत मरतो, म्हणून एक डोस टाकून गप्प बसलेल्याचे ठिपके परत येणारच. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा हीटर नसलेल्या टँकमध्ये हे हमखास. अँटिबायोटिकने फिल्टरमधल्या बॅक्टेरियांनाही फटका बसतो, मग अमोनिया वाढतो, मासा आणखी आजारी. शेवाळाची औषधंही याच कपाटात आली, त्यातली तांब्याची औषधं गोगलगायी आणि कोळंब्या आधी मारतात. २००५ च्या सुमाराला लोडशेडिंग होतं तेव्हा फिल्टर तासन्‌तास बंद पडायचे, लाइट आली की आतलं कुजलेलं पाणी टँकमध्ये, आणि पुढच्या आठवड्यात दोष औषधाला.

सकर माशाचाही इतिहास याच काळातला. 'शेवाळ खातो' म्हणून दोन इंचाचा सकर प्रत्येक टँकसोबत दिला जायचा. तो फूटभराच्या वर वाढतो, जेवढं खातो तेवढं घाण करतो, मोठा झाला की लोक नदी-तलावात सोडून देतात आणि तिथे तो फोफावतो, पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भेऱ्यांमध्ये, म्हणजे मासेशेतीच्या तळ्यांमध्ये, हे झालेलं आहे. असं करू नये, एवढं तरी कळकळीने सांगतो.

शेवाळाचं शास्त्र बदललं ते झाडांच्या टँकवाल्यांमुळे. १९९६ ला दोन हौशी लोकांनी मांडलं की फॉस्फेट कमी ठेवलं आणि बाकीची खतं दिली तर झाडं जिंकतात, शेवाळ हरतं. पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या गटाने मुद्दाम भरपूर नायट्रेट-फॉस्फेट घालून, आठवड्याला निम्मं पाणी बदलून दाखवलं की झाडं जोमात असली तर नुसत्या खताने शेवाळ येत नाही. या दोघांत मी दुसऱ्यांच्या बाजूचा, कारण फॉस्फेट फार कमी पडलं तर काचेवर हिरवे कडक ठिपके धरतात हे पुष्कळांनी पाहिलंय. पण अटीकडे दुर्लक्ष झालं. प्लास्टिकची झाडं असलेल्या, दिवसातून तीनदा दाणे पडणाऱ्या टँकला हे लागू नाही, तिथलं खत खायला शेवाळाशिवाय दुसरं कुणीच नाही.

नंतर स्वस्त एलईडी आले आणि ट्यूबच्या सवयीने लोक दहा-बारा तास लाइट ठेवू लागले. ब्लॅक बिअर्डवर, म्हणजे काळ्या दाढीसारख्या दिसणाऱ्या शेवाळावर, 'लिक्विड कार्बन' आलं, त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत ग्लुटरअल्डिहाइड असतं, म्हणजे हॉस्पिटलमध्ये उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात तेच. शेवाळ मरतं खरं, व्हॅलिस्नेरियाही वितळते, आणि डोस चुकला तर माशांच्या कल्ल्यांवर जातं. लाइट सहा-सात तासांवर आणणं फुकट आहे पण ते बाटलीत विकता येत नाही.

आता वाद पुन्हा निघालाय तो पाण्यामुळेच. पेठांत आणि कोथरूडला धरणाचं मऊ पाणी येतं, वाघोली-उंड्रीकडच्या सोसायट्यांत टँकर आणि बोअर. बोअरच्या पाण्यात कधीकधी मुळातच नायट्रेट असतं, ते लिटरला चाळीस मिलिग्रॅमच्या घरात असेल तर दर आठवड्याला तृतीयांश पाणी बदलून टँकचं नायट्रेट चाळीसच्या खाली येणारच नाही. मग तिकडचे लोक म्हणतात पाणी बदलून शेवाळ कमी होत नाही, आणि इकडचे म्हणतात तुम्ही नीट बदलत नाही. दोघांनीही नळाच्या पाण्याची टेस्ट एकदा करावी, बरीचशी भांडणं तिथेच मिटतात. टँकरचं पाणी घेणारे काही जण निम्मं आरओचं पाणी मिसळतात, ते चालतं, फक्त सगळंच आरओचं टाकलं तर केएच उरत नाही आणि त्या जुन्या दोन वर्षं न बदललेल्या टँकसारखा पीएच कधी कोसळेल सांगता येत नाही.