सोयाबीनच्या पाकिटातला जिवाणू: प्रयोगशाळेपासून तिफणीपर्यंतची पार्श्वभूमी

मृग लागायच्या सुमारास विदर्भातल्या कृषी केंद्रांत बियाण्याच्या बॅगेसोबत काळ्या भुकटीचं २५० ग्रॅमचं पाकीट मिळतं. त्यावर पिकाचं नाव, शेवटची तारीख आणि 'थंड व सावलीच्या जागी ठेवावे' ही सूचना छापलेली असते. पुष्कळ जण हे खत समजून घेतात आणि युरियाच्या पोत्यावर टाकून देतात. पण ती भुकटी म्हणजे नुसता वाहक, दगडी कोळशाच्या जातीचा लिग्नाइट किंवा लाकडी कोळसा. खरा माल तिच्यात राहणारा रायझोबियम, म्हणजे शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला देणारा जिवाणू, आणि तो जिवंत असेल तरच पाकिटाला किंमत. पाकिटावरची एकेक ओळ कुठल्या ना कुठल्या फसलेल्या प्रयत्नातून आली आहे.

शेंगवर्गीय पिकानं जमीन सुधारते हे आपल्याकडे तूर-ज्वारीचा फेर धरणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. कारण कळलं ते १८८६ ते १८८८ दरम्यान, जर्मनीत. हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी निर्जंतुक वाळूच्या कुंड्यांत वाटाणा लावला. नत्र न देता झाडं पिवळी पडून उपाशी राहिली. त्याच वाळूत शेतातल्या मातीचं थोडं पाणी ओतलं, तर मुळांवर गाठी आल्या आणि झाडं हिरवी झाली. पाणी उकळून ओतलं तर काहीच झालं नाही. म्हणजे गाठ बांधणारी वस्तू सजीव होती. १८८८ मध्येच हॉलंडच्या डेल्फ्ट गावी बायरिंकनं गाठीतून तो जिवाणू वेगळा काढून शुद्ध रूपात वाढवला. त्याचं माध्यम, म्हणजे जिवाणू वाढवायचं खाद्य, होतं शेंगवर्गीय झाडाचा काढा, थोडी साखर, थोडं अ‍ॅस्परजिन हे नत्रयुक्त द्रव्य आणि घट्टपणासाठी जिलेटिन.

जिलेटिनची अडचण आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल. जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखनं आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर आणि मग जिलेटिनवर जिवाणू वाढवले, पण जिलेटिन २५ ते २८ अंशांच्या आसपास पातळ व्हायला लागतं. युरोपच्या उन्हाळ्यातही ते दगा द्यायचं, अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात तर त्याचं पाणीच होईल. शिवाय काही जिवाणू जिलेटिन खाऊन टाकतात. तोड सुचवली ती फॅनी हेसे या बाईंनी. त्यांचे पती वॉल्टर हेसे कॉखच्या प्रयोगशाळेत काम करत. फॅनीबाई घरी जेली घट्ट करायला समुद्री शेवाळापासूनचं आगर वापरत, आणि ती युक्ती जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्यांकडून आली होती. उष्ण मुलुखातला हा स्वयंपाकघरातला पदार्थ १८८२ पासून प्रयोगशाळेत रुळला. आगर ८५ अंशांच्या वर वितळतं आणि ४० च्या खाली आलं की गोठतं. एकदा गोठल्यावर ते नवतपातही घट्टच राहतं आणि बहुतेक जिवाणूंना ते पचत नाही. १८८७ मध्ये पेट्रीनं झाकणाची उथळ काचबशी आणली, तेव्हापासून आजवर मूळ पद्धत फारशी बदललेली नाही.

रायझोबियमसाठी आजही वापरतात ते यीस्ट-मॅनिटॉल आगर. एक लिटर पाण्यात मॅनिटॉल (साखरेसारखा गोड पदार्थ) १० ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम, मीठ ०.१ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.५ ते १ ग्रॅम आणि आगर १५ ते २० ग्रॅम. सामू ६.८ ते ७.० ठेवायचा, वरून काँगो रेडचं पाव टक्क्याचं द्रावण १० मिली घालायचं. हा लाल रंग पारख करण्यासाठी असतो. रायझोबियम तो फारसा शोषत नाही. त्याच्या वसाहती, म्हणजे माध्यमावर वाढलेले पेशींचे ठिपके, पांढऱ्या, चमकदार, डिंकासारख्या दिसतात. शेजारी गडद लाल वसाहत दिसली तर पाहुणा शिरला म्हणायचं.

गाठ निवडताना ती आतून गुलाबी असावी. ती थोड्या मुळासकट कापायची, धुवायची, अल्कोहोलमध्ये काही सेकंद बुडवायची, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दोन-तीन मिनिटं ठेवून निर्जंतुक पाण्यानं पाच-सहा वेळा धुवायची. शेवटच्या धुण्याचं पाणी वेगळ्या बशीवर पसरून बघावं. त्यात काही उगवलं तर गाठीचं साल अजून घाण आहे, आणि आतलं म्हणून जे वाढलं त्यावर विश्वास ठेवता येत नाही. गाठ चेचून त्या दुधाळ थेंबाची रेघ बशीवर ओढायची आणि बशी २८ अंशांवर उपडी ठेवायची.

पुस्तकातली ही कृती ग्रामीण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कुठे अडते, हे सांगायलाच हवं. साधं इन्क्युबेटर, म्हणजे बशा ठरावीक तापमानाला ठेवायची पेटी, फक्त गरम करतं. खोलीत ४२ अंश असतील तर काटा २८ वर लावून काही होत नाही, आत ४२ च राहतात. थंड करणारं बीओडी इन्क्युबेटर लागतं, आणि भारनियमनाच्या दुपारी तेही तापतं. दुसरा शत्रू म्हणजे कूलर. विदर्भात उन्हाळी खोलीत तो असतोच, पण बशा ओतताना चालू राहिला तर ओल्या वाळ्यावरच्या बुरशीचे बीजाणू सरळ माध्यमावर येतात. घाम आला तरी त्या अर्ध्या तासापुरता कूलर आणि पंखा दोन्ही बंद. तिसरी गोष्ट, सोयाबीनचा जिवाणू संथ वाढतो, वसाहत दिसायला ७ ते १० दिवस लागतात. तेवढ्यात कोरड्या हवेत पातळ थर सुकून त्याला भेगा पडतात. म्हणून नेहमीच्या २० मिलीऐवजी २५ ते ३० मिली माध्यम ओतून बशा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात. माध्यम वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमधली हवा आधी पूर्ण बाहेर काढली नाही तर काटा १५ पौंड दाखवतो, पण आत १२१ अंश झालेलेच नसतात. बॅसिलस या दुसऱ्या जिवाणूचे उष्णता सोसणारे बीजाणू तसेच उरतात आणि आठवड्याच्या मुदतीत रायझोबियमला दाबून टाकतात.

शेतकऱ्याच्या हातात जिवाणू देण्याचा उद्योग १८९६ मध्ये जर्मनीत सुरू झाला. नोब्बे आणि हिल्टनर यांनी 'नायट्राजिन' नावानं पिकागणिक वेगळं संवर्धक काचेच्या बाटल्यांत, जिलेटिनवर वाढवून विकायला काढलं. अनेक शेतांत त्याचा गुण दिसला नाही, कारण शेतापर्यंत पोचेस्तोवर पेशी मरायच्या. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या शेती खात्यानं जिवाणू कापसाच्या बोळ्यावर सुकवून टपालानं पाठवले. कल्पना स्वस्त आणि सोयीची, पण सुकवण्यातच बहुतेक पेशी मेल्या. कापूस पिकवणाऱ्या मुलुखानं ही गोष्ट ध्यानात ठेवावी: रायझोबियम बीजाणू करत नाही, कोरडेपणा त्याला सोसत नाही. मग पीट ही दलदलीतली कुजकट माती वाहक म्हणून आली, कारण ती ओल धरते. भारतात तसं पीट मुबलक नाही, म्हणून लिग्नाइट आणि कोळसा. आम्लपणा मारायला त्यात खडूची पूड मिसळतात, निर्जंतुक करतात आणि जिवाणूचं द्रव मिसळून ओल ३० ते ४० टक्क्यांवर ठेवतात.

आपल्याकडे या पाकिटाची निकड सोयाबीननं आणली. तूर, मूग, उडीद यांच्या गाठी बांधणारे जिवाणू इथल्या काळ्या जमिनीत आधीपासून आहेत. सोयाबीनचे नव्हते. १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगर इथे अमेरिकी वाणांवर काम सुरू झालं, तेव्हा जिवाणू बाहेरूनच द्यावा लागला. पुढे वाशीम, बुलडाणा, यवतमाळपासून नागपूरपर्यंत ज्वारी आणि कापसाची जागा सोयाबीननं घेतली, तशी मागणी वाढली. १९८२ मध्ये शास्त्रज्ञांनी या संथ वाढणाऱ्या जिवाणूला रायझोबियममधून काढून ब्रॅडीरायझोबियम असं वेगळं नाव दिलं. पाकिटावर मात्र जुनंच नाव चालतं. हा फरक नुसता नावाचा नाही. हरभऱ्याच्या जिवाणूला साधी साखर चालते, सोयाबीनच्याला ती नीट वापरता येत नाही. मॅनिटॉल महाग म्हणून कुणी साखर टाकली तर जिवाणू वाढवायची टाकी गढूळ होते, माल तयार झाल्यासारखा वाटतो, पण वाढलेला असतो दुसराच कुणीतरी.

खत नियंत्रण आदेशात जिवाणू खतं २००६ मध्ये आली. भुकटीच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्यात असं मानक ठरलं. हिशेब करून पाहा. २५० ग्रॅममध्ये १२५० कोटी पेशी. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर १० किलो बियाण्यात सुमारे ८३ हजार दाणे, म्हणजे दाण्यामागे दीड लाख. सोयाबीनसारख्या मोठ्या दाण्याला एक लाखाच्या आसपास लागतात. म्हणजे मानकात फारशी सवड नाही. ४० अंशांच्या वर हा जिवाणू झपाट्यानं मरतो, आणि टिनाखालच्या दुकानात मे महिना काढलेल्या पाकिटात १ टक्का पेशी उरल्या तर दाण्यामागे दीड हजार. पाकीट दिसायला तेच, वासही तोच.

म्हणून घेतानाच तारीख बघावी, दुकानदारानं माल कुठे ठेवला ते बघावं, आणि घरी माठाशेजारी, सावलीत ठेवावं. एक लिटर कोमट पाण्यात १२५ ग्रॅम गूळ विरघळवून पूर्ण गार होऊ द्यायचा, मग भुकटी कालवायची. घाईत गरम पाकात कालवली तर तिथेच संपलं. बुरशीनाशक आधी लावून वाळवायचं, जिवाणू सगळ्यात शेवटी. बियाणं गोणपाटावर सावलीत अर्धा तास सुकवून त्याच दिवशी ओलीवर पेरावं. धूळपेरणीत पाऊस आठ दिवस लांबला तर दाण्यावरचा जिवाणू तेवढा टिकत नाही.

पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी पाच-सहा झाडं खुरप्यानं मातीच्या ढेकळासकट काढावीत. उपटली तर भारी काळ्या जमिनीत गाठी मागेच राहतात. बादलीत मुळं भिजवून हलक्या हातानं धुवावीत आणि गाठ नखानं फोडावी. गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या रंगद्रव्याचा, म्हणजे काम सुरू आहे. पांढरी किंवा हिरवट गाठ नत्र देत नाही. खोडालगत मुख्य मुळावर गाठींचा झुबका असेल तर बियाण्याबरोबरचा जिवाणू पोचला. गाठी फक्त बाजूच्या बारीक मुळांवर विखुरलेल्या असतील तर त्या बहुधा आधीच्या वर्षांत जमिनीत राहिलेल्या जिवाणूच्या आहेत.