चोर्ल्याचा चढ आणि गिअरबॉक्समधलं तेल

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मिस्त्रीने गिअरबॉक्समधलं तेल काडीवर घेऊन थेंबभर वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टेकवलं. शेजारी नव्या डब्यातला थेंब. नवा डाळिंबाच्या रसासारखा लाल, जुना काकवीसारखा. “वास घ्या की,” म्हणाला. गुऱ्हाळात रस कढईला लागल्यावर येतो तसला करपट वास.

गाडी चालली होती साठ हजार किलोमीटर, आणि पुस्तिकेत ऑटोमॅटिकचं तेल बदलायचा आकडाच नव्हता. तेल म्हणे आयुष्यभराचं. गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी झेडएफ मात्र आपल्या ऑटोमॅटिकचं तेल 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा 8 वर्षांनी बदलायला सांगते.

माझं मत विचाराल तर किलोमीटरपेक्षा चढ मोजावेत. इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाला जोडलेला पंखा तेल फेकतो आणि त्या माऱ्याने समोरचा पंखा फिरतो. दोघांच्या वेगात जो फरक राहतो त्याची उष्णता होते आणि ती तेलातच उतरते. पुण्याच्या हायवेवर एका वेगाने जाताना आतला लॉकअप क्लच दोन्ही पंखे जखडतो, मग फरकच उरत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर. म्हणून गोव्याला उतरताना गिअरबॉक्स निवांत असतो, शिक्षा परतताना. भरल्या डिकीनिशी, ट्रकच्या मागे वीसच्या वेगाने वाटेतला चोर्ला घाट चढताना लॉक सुटलेलाच राहतो आणि एरवी 80-90 अंशांवर असणारं तेल शंभरी ओलांडतं. ढोबळ हिशेब असा, की त्यापुढे दर 10 अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं.

तापलेलं तेल नुसतं काळवंडत नाही. क्लचच्या प्लेटांवर कागदासारखं अस्तर असतं. ते बेताने घसरावं आणि मग घट्ट धरावं, यासाठी तेलात खास रसायनं घालतात. (1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या कामाला चक्क स्पर्म व्हेलचं तेल वापरत.) ही रसायनं संपली की प्लेट धरते-सुटते, धरते-सुटते. सारंगीच्या तारेवर गज याच तत्त्वावर बोलतो, फक्त इथे सूर लागत नाही: पन्नास-साठच्या वेगात, ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी गाडी थरथरते. माझी तेच करत होती आणि मी दोन महिने टायरला दोष देत होतो.

नुसत्या रंगावर जाऊ नका, लाल रंग लवकर उडतो. करपट वास किंवा थरथर आली तर थांबू नये. घाट नेहमीचा असेल तर मी पन्नास हजारांवरच बदलेन. एएमटीवाल्यांनी हा हिशेब सोडून द्यावा, त्यांचा गिअरबॉक्स मुळात साधा मॅन्युअलच, फक्त गिअर यंत्र बदलतं. सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या पट्ट्यावरच्या ऑटोमॅटिकचं तेल वेगळं. तिथे हे ओतलं तर वाट लागेल.

बोल्ट काढून सगळं तेल येत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. एका खेपेला 40 टक्के निघतं असं धरलं, तर दोन खेपांनी 64 टक्के नवं होतं आणि तीन खेपांनी 78.

मिस्त्रीने पॅनमधलं चुंबक बोटाने पुसलं. करडा, लोण्यासारखा मऊ लगदा आला. तो उजेडात धरून त्याने बोटांनी चोळून पाहिला. धातूचा कीस एकही लागला नाही. “प्लेटा आहेत अजून,” म्हणाला, “पाच हजार किलोमीटर झाले की परत आणा.”