इंग्रजीतील कर्मरूप सर्वनामे आणि त्यांची निवड

इंग्रजी वाक्यात सर्वनाम क्रियापदाचे कर्म म्हणून किंवा एखाद्या प्रीपोझिशनच्या (‘टु’, ‘फॉर’ यांसारख्या, नाम-सर्वनामाआधी येणाऱ्या शब्दाच्या) पाठोपाठ येते, तेव्हा त्याचे जे रूप वापरतात त्याला कर्मरूप सर्वनाम म्हणतात. शिकवताना ‘ऑब्जेक्ट प्रोनाउन’ हाच शब्द जास्त चालतो. ‘आय’चे ‘मी’, ‘वी’चे ‘अस’, ‘ही’चे ‘हिम’, ‘शी’चे ‘हर’, ‘दे’चे ‘देम’ आणि ‘हू’चे ‘हूम’ अशी ही रूपे आहेत. ‘यू’ आणि ‘इट’ दोन्ही जागी तशीच राहतात. म्हणजे पाठ करायचे शब्द सहाच. ते येत असूनही ‘रिकाम्या जागी योग्य सर्वनाम लिहा’ या प्रश्नात मराठी विद्यार्थ्यांचे गुण जातात, कारण इंग्रजी वाक्यातली जागा मराठीच्या सवयीने वाचली जाते.

पहिला घोटाळा कानाचाच. इंग्रजीतले कर्मरूप ‘मी’ आणि मराठीतला कर्ता ‘मी’ ऐकायला एकच. इंग्रजी ‘ही’ पुरुषासाठी, मराठी ‘ही’ स्त्रीलिंगी. यातल्या ‘मी’चे नाते मात्र खरे आहे. इंग्रजी ‘मी’ आणि संस्कृत ‘माम्’ एकाच मुळाचे, तर मराठी ‘मी’ संस्कृतच्या तृतीयेतल्या ‘मया’पासून आला असे मानतात. इंग्रजी ‘आय’ हा संस्कृत ‘अहम्’चा भाऊबंद. इंग्रजीने कर्त्यासाठी ‘अहम्’ची शाखा राखली. मराठीने ती सोडली आणि ‘म’च्या शाखेलाच कर्त्याच्या जागी बसवले.

रूपांचा इतिहास

जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्ती होत्या, आणि सर्वनामांना द्वितीया व चतुर्थी अशी वेगवेगळी रूपे होती. ‘त्याला पाहिले’ यातल्या ‘त्याला’साठी ‘हिने’ आणि ‘त्याला दिले’ यातल्या ‘त्याला’साठी ‘हिम’. पुढे द्वितीयेची रूपे लोपली आणि चतुर्थीच्या रूपांनी दोन्ही कामे अंगावर घेतली. आजची ‘हिम’, ‘हर’, ‘देम’ आणि ‘हूम’ ही मुळात चतुर्थीची रूपे आहेत. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्या विभक्तीच्या तक्त्यातही द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही ओळींत ‘स, ला, ते’ हेच प्रत्यय आहेत, आणि ‘मी तिला पाहिले’ व ‘मी तिला पुस्तक दिले’ यातला ‘तिला’ एकच आहे. ‘आय सॉ हर’ आणि ‘आय गेव्ह हर अ बुक’ यांतही ‘हर’ एकच. या एका बाबतीत मराठी विद्यार्थ्याला नवे काही शिकावे लागत नाही.

‘दे’ आणि ‘देम’ हे शब्द जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या भाषेतून इंग्रजीत आले. त्याआधीचे देशी रूप ‘हेम’ होते, आणि बोलताना ‘देम’च्या जागी जो तुटक ‘एम’ ऐकू येतो तो त्या ‘हेम’चा अवशेष आहे. ‘यू’सुद्धा मूळचे कर्मरूपच. त्याचे कर्तारूप ‘यी’ होते. सोळाव्या-सतराव्या शतकांत ‘यू’ने ‘यी’ला बाजूला सारले, आणि एकवचनी ‘दाऊ’ व त्याचे कर्मरूप ‘दी’ हळूहळू रोजच्या बोलण्यातून गेले. त्यामुळे ‘तू, तुम्ही, तुला, तुम्हाला’ या चौघांसाठी आज एकच शब्द उरला आहे.

नामांच्या विभक्ती गेल्या, सर्वनामांच्या टिकल्या. ‘रवी’ कर्ता असो वा कर्म, इंग्रजीत तो ‘रवी’च राहतो आणि त्याचे काम वाक्यातल्या जागेवरून ओळखायचे असते. सर्वनामाला मात्र जागेप्रमाणे रूप बदलावे लागते.

जागा कशी ओळखावी

रिकाम्या जागेच्या लगेच डावीकडे काय आहे ते आधी पाहावे. मुख्य क्रियापद किंवा ‘टु, फॉर, विथ, फ्रॉम, अबाउट’ यांसारखे प्रीपोझिशन असेल तर बहुतेक वेळा कर्मरूप येते. पण तेवढ्यावर थांबू नये, उजवीकडेही पाहावे. ‘आय नो ___ इज ऑनेस्ट’ या वाक्यात डावीकडे क्रियापद आहे, तरी उत्तर ‘ही’ किंवा ‘शी’, कारण ती जागा पुढच्या ‘इज’च्या कर्त्याची आहे. उलट ‘आय सॉ ___ क्रॉस द रोड’ यात पुढे क्रियापद असूनही उत्तर ‘हिम’. इथले ‘क्रॉस’ काळ-वचन न लागलेले मूळ रूप आहे, त्याला स्वतःचा कर्तारूप कर्ता घेता येत नाही. ‘ही क्रॉसेस’मध्ये जो ‘एस’ लागतो तो इथे नाही, हीच खूण.

‘आय वॉन्ट ___ टु कम’ हे वाक्य मी प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा तरी सोडवायला देईन. मराठीत आपण म्हणतो, ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’. ‘त्याने’ हा आपल्याला ठळक कर्ता दिसतो, म्हणून हात ‘ही’कडे जातो. इंग्रजीत ती जागा ‘वॉन्ट’च्या कर्माची आहे. उत्तर ‘हिम’. ‘लेट’चेही असेच: ‘तिला जाऊ दे’ म्हणजे ‘लेट हर गो’. ‘लेट्स’मध्ये लपलेला ‘एस’ हा खरे तर ‘अस’ आहे.

मराठी भाषकाच्या नेहमीच्या चुका

सर्वांत खोल चूक ‘मला म्हणजे मी’ या समीकरणातून येते. ‘मला भूक लागली’, ‘मला चित्र आवडते’, ‘तिला पोहता येते’ या वाक्यांत अनुभवणारी व्यक्ती ‘ला’ घेते. इंग्रजीत तीच व्यक्ती कर्ता होते: ‘आय ऍम हंग्री’, ‘आय लाइक द पिक्चर’, ‘शी कॅन स्विम’. ‘मला’ दिसला की ‘मी’ लिहायचे ही सवय इथे फसवते. याच इंग्रजीत एके काळी नेमकी मराठीसारखी रचना होती. ‘मीथिंक्स’ या जुन्या शब्दाचा अर्थ ‘मला वाटते’ असाच आहे आणि त्यातला ‘मी’ म्हणजे ‘मला’. ‘लाइक’ या क्रियापदाचा मूळ अर्थही ‘एखाद्याला आवडणे’ असा होता, आणि ज्याला आवडते तो चतुर्थीत असे. पुढे इंग्रजीने अनुभवणाऱ्याला कर्ता केले, मराठीने त्याला ‘ला’सकट राहू दिले. ही गोष्ट सांगितली की विद्यार्थ्याला आपली चूक अडाणीपणाची वाटत नाही आणि फरक लक्षात राहतो.

दुसरी चूक सामान्यरूपातून येते. मराठीत शब्दयोगी अव्यय लागताना सर्वनाम ‘माझ्या’, ‘त्याच्या’, ‘तिच्या’ असे होते: माझ्याबरोबर, त्याच्यासाठी, तिच्याविषयी. ‘माझ्या’ची सवय ‘माय’कडे ओढते आणि ‘कम विथ माय’ असे वाक्य उतरते. तिथे ‘विथ मी’ हवे. ‘माय’, ‘देअर’ यांच्यापुढे नाम यावेच लागते. जागेनंतर नाम नसेल तर ते पर्याय सरळ खोडावेत.

तिसरी चूक आदरार्थी बहुवचनाची. समजा, प्रश्न असा आहे: ‘माय अंकल इज हिअर. आय वॉन्ट टु मीट ___.’ कंसात ‘हिम, देम, हिज’ असे तीन पर्याय. विद्यार्थी मनात म्हणतो, ‘काका आलेत, मला त्यांना भेटायचंय’, आणि ‘त्यांना’ ऐकू येताच ‘देम’ लिहितो. मराठी अगदी बरोबर, इंग्रजी चूक. काका एक आहेत आणि पहिल्या वाक्यात ‘इज’ आहे, म्हणून ‘हिम’. आजी, बाई, सर यांच्याबाबत हेच घडते. इंग्रजीत एका माणसाला आदर दाखवण्यासाठी सर्वनाम बहुवचनात जात नाही. मात्र ज्या व्यक्तीचे लिंग माहीत नाही किंवा सांगायचे नाही, तिच्यासाठी एकवचनी ‘दे’ व ‘देम’ वापरण्याची रीत इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. ‘समवन लेफ्ट अ बॅग; आय विल कॉल देम’ यातला ‘देम’ बरोबर आहे. त्याचा आदराशी संबंध नाही.

वस्तूंच्या लिंगाचा त्रास त्यामानाने थोडा. खुर्ची आपल्याला ‘ती’ आणि दिवा ‘तो’, पण इंग्रजीत दोघांसाठी ‘इट’. ‘आम्हाला’ आणि ‘आपल्याला’ यांतला सुंदर भेद ‘अस’मध्ये मावत नाही. ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, हे इंग्रजी वाचकाला संदर्भावरून ठरवावे लागते.

क्रियापदांचा स्वभावही पाहावा लागतो. ‘मला सांग’साठी ‘टेल मी’ चालते, पण ‘से मी’ आणि ‘एक्सप्लेन मी’ चालत नाहीत. तिथे ‘टु’ लागतो. सर्वनाम बरोबर असूनही वाक्य चुकते ते इथे.

‘हर’चे दुहेरी काम

‘हिम’ आणि ‘हिज’ वेगळे दिसतात, पण स्त्रीसाठी ‘तिला’ आणि ‘तिचे’ या दोन्ही अर्थी ‘हर’च आहे. ‘आय मेट हर’ आणि ‘आय मेट हर ब्रदर’ यांतले दोन ‘हर’ वेगवेगळ्या जातीचे. शंका आली तर स्त्रीच्या जागी पुरुष ठेवून पाहावा. ‘आय मेट हिम’ जमते, तेव्हा तो ‘हर’ कर्मरूप. ‘आय मेट हिज ब्रदर’ जमते, तेव्हा तो मालकी सांगणारा.

‘अँड’ने जोडलेली सर्वनामे

‘द टीचर कॉल्ड रवी अँड ___’ इथे ‘आय’ की ‘मी’? दुसऱ्या माणसाला क्षणभर बाजूला करावे. ‘द टीचर कॉल्ड आय’ असे कोणी म्हणत नाही, म्हणून ‘रवी अँड मी’. ही कसोटी सोपी आहे आणि जवळजवळ कधीच फसत नाही. तरीही मातृभाषा इंग्रजी असलेले सुशिक्षित लोक ‘बिट्वीन यू अँड आय’ म्हणतात. ‘मी अँड रवी वेंट’ म्हणू नकोस असे लहानपणी वारंवार ऐकल्याने ‘आय’च सभ्य वाटू लागतो, असे त्याचे एक कारण सांगतात. पण हा प्रयोग त्याहून जुना आहे. शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकात अँटोनिओच्या पत्रात तो आहे. परीक्षेत मात्र ‘बिट्वीन यू अँड मी’ हेच उत्तर द्यावे.

जिथे दोन उत्तरे संभवतात

‘दार कोण वाजवतंय?’ याचे जिवंत इंग्रजी उत्तर ‘इट्स मी’ आहे. लॅटिनच्या धर्तीवर नियम करणाऱ्यांनी ‘इट इज आय’चा आग्रह धरला, आणि अतिऔपचारिक लेखनात ते आजही दिसते. माझ्या मते ज्या स्वाध्यायात हे दोन्ही पर्याय समोरासमोर ठेवून एकच बरोबर धरला जातो, तो स्वाध्याय सदोष आहे. ‘टॉलर दॅन मी’ आणि ‘टॉलर दॅन आय’ यांचेही तसेच. पुढे क्रियापद लिहिले असेल, ‘दॅन आय ऍम’, तर वादच राहत नाही. कधी मात्र अर्थच बदलतो. ‘ही लाइक्स हर मोअर दॅन मी’ म्हणजे बहुधा माझ्यापेक्षा ती त्याला जास्त प्रिय. शेवटी ‘दॅन आय डू’ असेल तर मला ती जितकी आवडते त्याहून त्याला जास्त आवडते. मराठीत ‘त्याला ती माझ्यापेक्षा जास्त आवडते’ या वाक्यात दोन्ही अर्थ दडलेले असतात.

जागेचा आणखी एक नियम स्वाध्यायांत हमखास विचारतात. ‘पिक अप द बुक’ आणि ‘पिक द बुक अप’ दोन्ही बरोबर, पण सर्वनाम आले की ते मधेच बसते: ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ चूक.

‘हूम’ आता बोलण्यातून बराच मागे पडला आहे. ‘हू डिड यू सी?’ हेच रोज ऐकू येते. पण प्रीपोझिशन लगेच आधी असेल, जसे ‘टु हूम’, तर औपचारिक लेखनात ‘हूम’ टिकून आहे. निवड करताना प्रश्नाचे उत्तर सर्वनामाने द्यावे. ‘आय सॉ हिम’ असे उत्तर येत असेल तर प्रश्नात ‘हूम’, आणि ‘ही सॉ मी’ असे येत असेल तर ‘हू’. ‘हिम’, ‘देम’ आणि ‘हूम’ या तिघांच्या शेवटी ‘म’ आहे, आणि तो जुन्या चतुर्थीचाच प्रत्यय आहे.