कॅप्स लॉकचा दिवा कोण लावतं?

गेल्या महिन्यात कोथरूडला बहिणीकडे गेलो होतो. कॉम्प्युटरवर भाचीचा शाळेचा प्रोजेक्ट उघडलेला आणि पडदा गोठलेला. मेहुण्यांनी दोन-चार ठिकाणी क्लिक करून पाहिलं आणि "गेला हा" म्हणत पॉवरच्या बटणाकडे हात नेला. मी त्यांना थांबवलं आणि कॅप्स लॉक दाबलं. कीबोर्डवरचा हिरवा दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. "गेलेला नाही, एक प्रोग्रॅम अडकलाय," मी म्हणालो.

भाची नववीत आहे. तिला हे पटलं नाही. "मामा, बटण कीबोर्डचं, दिवा कीबोर्डचा. दाबलं की लागणारच. त्यात कॉम्प्युटरचा काय संबंध?"

तिचा तर्क चोख होता. घरातल्या प्रत्येक दिव्याचं तसंच असतं. पण हा दिवा तसा नाही, आणि मी गेली वीस वर्षं ज्या कामावर पोट भरतोय ते सगळं काम या एका दिव्याच्या पोटात आहे. म्हणून हा लेख.

कॅप्स लॉकच्या बटणाला दिव्याची काहीच माहिती नसते. बटण दाबलं की कीबोर्ड फक्त एक आकडा पाठवतो. लॅपटॉपवर आजही बऱ्याचदा चालते त्या जुन्या पद्धतीत हा आकडा ५८. तो ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत जातो. "कॅप्स लॉक आता चालू" हे तिथे ठरतं, कीबोर्डमध्ये नाही. मग सिस्टिम उलट दिशेने कीबोर्डला हुकूम सोडते: आधी २३७, म्हणजे 'दिव्यांबद्दल सांगतोय', आणि पाठोपाठ कोणता दिवा लावायचा ते. कीबोर्ड प्रत्येक वेळी २५० हा आकडा पाठवून पोच देतो. यूएसबी कीबोर्डची भाषा वेगळी, पण फेरी हीच. दिवा लागला याचा अर्थ निरोप आत गेला, आतल्या कोणीतरी तो वाचला, त्यावर निर्णय घेतला आणि उत्तर बाहेर आलं. माउसचा बाण हलत राहतो तोही असाच, कारण बाण हलवण्याचं काम अडकलेल्या प्रोग्रॅमकडे नसतंच.

हा 'आतला कोणीतरी' म्हणजे ड्रायव्हर, एखाद्या उपकरणाशी बोलणारा प्रोग्रॅम. तो कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा भाग असतो. आणि त्याला हाक मारण्याच्या पद्धतीला म्हणतात इंटरप्ट.

गॅसवर दूध ठेवलं तर समोर उभं राहावं लागतं. कुकर लावला तर नाही, शिट्टी झाली की जायचं. प्रोसेसरने दर क्षणी "बटण दाबलं का? आता दाबलं का?" असं विचारत बसणं म्हणजे दुधासमोर उभं राहणं. झपाझप टाइप करणारा माणूस सेकंदाला दहा बटणं दाबतो असं धरा. दोन बटणांमध्ये सेकंदाचा दहावा भाग जातो. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्यात ३० कोटी ठोके मोजतो. इतका वेळ वाट पाहत बसणं परवडत नाही, म्हणून शिट्टीची सोय.

शिट्टी वाजली की काय होतं? प्रोसेसर हातातली सूचना पुरी करतो. आपण कुठे होतो, रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांत, काय होतं, याची नोंद स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या एका ठरावीक जागेत, ठेवतो. मग एक तक्ता उघडतो. इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरमध्ये या तक्त्यात २५६ घरं असतात. पहिली ३२ प्रोसेसरच्या स्वतःच्या अडचणींसाठी राखीव, जसं शून्याने भागाकार किंवा मेमरीत चुकीच्या जागी हात घालणं. बाकीची घरं बाहेरच्या हाकांसाठी. ज्या नंबरची हाक, त्या घरात लिहिलेल्या पत्त्यावर उडी. तिथे ड्रायव्हरने ठेवलेला छोटा प्रोग्रॅम असतो, तो हँडलर. तो चालतो, संपतो, आणि प्रोसेसर नोंद वाचून पुन्हा जागेवर येतो. मधल्या मधे आपल्याला थांबवलं होतं हे मूळ प्रोग्रॅमला कळतसुद्धा नाही.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. हँडलरने किती काम करायचं?

तुम्ही फोडणी टाकली आहे आणि दारात पार्सलवाला आला. तुम्ही काय करता? पार्सल घेता, सही करता, आत ठेवता, दार लावता. खोका तिथेच उघडून, शर्ट अंगाला लावून बघत नाही, फोडणी जळेल. हँडलरचंही तसंच. कीबोर्डचा हँडलर ९६ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे उपकरणाशी देवाणघेवाण करण्याच्या खिडकीतून, एक आकडा उचलतो आणि पुढच्या रांगेत टाकतो. मूळ निरोप उचलला नाही तर पुढचा येणार नाही, म्हणून तेवढं तातडीचं. एरवीचं जड काम, म्हणजे आलेली माहिती तपासणं, तिची जुळणी करणं, ज्या प्रोग्रॅमला हवी त्याला उठवणं, हे मागून. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये या दोन भागांना वरचा अर्धा आणि खालचा अर्धा म्हणतात, विंडोजमध्ये नावं वेगळी आणि कल्पना हीच. लिनक्समध्ये खालच्या अर्ध्यासाठी निरनिराळे मार्ग आहेत, आणि २००९ पासून हँडलरला स्वतःचा वेगळा धागा, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारं काम, देण्याचीही सोय आहे.

वरच्या अर्ध्याला एक कडक नियम आहे: झोपायचं नाही. कर्नलच्या भाषेत झोपणं म्हणजे "मला हवं ते मिळेपर्यंत मला बाजूला ठेवा, दुसऱ्याला चालू द्या" असं म्हणणं. डिस्कवरून काही वाचायचं असेल तर साधा प्रोग्रॅम असाच झोपतो. मग हँडलरला का बंदी? झोपवायला आणि पुन्हा उठवायला कोणीतरी 'मालक' लागतो, ज्याचं नाव कर्नलच्या कामांच्या यादीत आहे. हँडलरला स्वतःचं नाव नसतं. तो चालू असलेल्या कुणाच्या तरी वेळेत घुसलेला असतो. तो झोपला तर यादीत झोप लागते त्या बिचाऱ्या प्रोग्रॅमला, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही. कदाचित त्याच प्रोग्रॅमच्या हातात ती वस्तू असते, जिची वाट हँडलर बघतोय.

यातूनच माझ्या आयुष्यातला सर्वांत चिवट बग जन्माला आला. हिंजवडीतल्या एका कंपनीत आमचं एक यंत्र होतं. ते दिवसभर नीट चालायचं आणि चार-पाच दिवसांतून एकदा, रात्री दोन-अडीचला, ठार गप्प व्हायचं. पडदा नाही, नेटवर्क नाही, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा नाही. तीन आठवडे आम्ही हैराण. रात्रीच्याच वेळी होतं म्हणून चर्चा भलतीकडे गेली आणि एका सकाळी सर्व्हर रूमच्या दाराला लिंबू-मिरची बांधलेली दिसली. बांधणारे सहकारी बी.ई. होते. मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं. 'कधीतरीच होतं' आणि 'रात्रीच होतं' ही दोन वाक्यं म्हणजे पुरावा असतो, त्याच्याशी झटायचं असतं. दाराला लिंबू बांधलं की झटणं थांबतं.

रात्री दोनला बॅकअप सुरू व्हायचा, म्हणजे त्या वेळी इंटरप्टचा पाऊस. ड्रायव्हरमध्ये एक यादी होती, तिला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून कुलूप, स्पिनलॉक. कुलूप मिळेपर्यंत ते मागणारा जागच्या जागी गोल गोल फिरत राहतो, झोपत नाही. ड्रायव्हरचा साधा भाग यादी बदलायला कुलूप घ्यायचा, बदल करायचा, कुलूप सोडायचा. मधला वेळ सेकंदाच्या काही दशलक्षांशाइतका. नेमक्या त्या फटीत, त्याच कोअरवर (प्रोसेसरच्या आत स्वतंत्रपणे काम करणारे असे अनेक भाग असतात) इंटरप्ट आला तर? साधा भाग जागीच थांबला, कुलूप त्याच्याच मुठीत. हँडलर सुरू झाला, त्यालाही तीच यादी हवी, म्हणून तो कुलूप सुटण्याची वाट बघत फिरू लागला. कुलूप सोडणारा आहे खाली दबलेला, आणि हँडलर संपल्याशिवाय त्याला उठता येत नाही. एक कोअर कायमचा गेला. दुसऱ्या कोअरलाही थोड्या वेळात तेच कुलूप लागलं, तोही गेला.

इलाज एका ओळीचा होता: कुलूप घेण्यापूर्वी त्या कोअरवर इंटरप्ट तात्पुरते बंद करायचे आणि सोडल्यावर पूर्ववत करायचे. त्यासाठी कर्नलमध्ये तयार फंक्शन आहे. आम्ही त्याच्याऐवजी साधं फंक्शन वापरलं होतं. ओळ बदलली आणि यंत्र पुन्हा कधी तसं गप्प झालं नाही.

ही भीती फार जुनी आहे. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५९ साली पूर्ण केलेला पीएच.डी.चा प्रबंध एक्स१ नावाच्या यंत्रातल्या इंटरप्ट हाताळण्यावर होता. इंटरप्ट असलेलं यंत्र हाती येणार हे कळल्यावर तो धास्तावला होता. तोवर एखादी चूक झाली तर तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवून ती पुन्हा पाहता यायची. इंटरप्ट आला की बाहेरच्या जगाची वेळ आत शिरते, आणि तीच वेळ पुन्हा कधी येत नाही.

शिट्ट्या फार झाल्या तर मात्र कुकरपेक्षा दूधच बरं. एक गिगाबिटच्या नेटवर्कवर सगळ्यात छोटी पाकिटं, म्हणजे माहितीचे तुकडे, ओळीने आली तर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार होतात. प्रत्येकासाठी इंटरप्ट घ्यायचा तर प्रोसेसर नुसता दाराशीच धावत राहील, आणलेलं पाकीट उघडायला वेळच नाही. मशीन शंभर टक्के कामात आणि उपयोगी काम शून्य. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली या अवस्थेचा इलाज मांडला, आणि लिनक्सचा आजचा उपाय त्याच वाटेचा आहे. पहिल्या पाकिटाला इंटरप्ट घ्यायचा, लगेच त्या नेटवर्क कार्डाची शिट्टी बंद करायची, आणि मग आपण होऊन रांगेतली पाकिटं उचलत राहायचं, साधारणपणे एका वेळी जास्तीत जास्त ६४. रांग संपली की शिट्टी पुन्हा चालू. दिवाळीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवरचा दुकानदार "कोण आलं?" असं विचारत नाही, समोर दिसेल त्याचं घेत सुटतो, तसंच.

आणखी एक गंमत, वाड्यातल्या फोनची. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात एक फोन आणि दहा बिऱ्हाडं असायची. घंटा वाजली की कुणाचा ते विचारत फिरायचं. जुन्या पीसीमध्ये इंटरप्टच्या तारा मोजक्या, म्हणून एकाच तारेवर दोन-तीन उपकरणं. कर्नल प्रत्येक ड्रायव्हरला विचारतो, "तुझं का?" ड्रायव्हरने प्रामाणिकपणे "माझं" किंवा "माझं नाही" सांगायचं. एक लाख घंटांमधल्या ९९,९०० हून जास्त वेळा सगळेच "माझं नाही" म्हणाले, तर लिनक्स ती तार बंद करतो आणि नोंदवहीत लिहितो, 'नोबडी केअर्ड'. हा संदेश त्यात खरोखर याच शब्दांत छापलेला आहे.

हे सगळं वाचल्यावर एक गोष्ट लक्षात येईल. ड्रायव्हर कर्नलच्या आत, पूर्ण अधिकाराने चालतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे त्याचा कर्नलमधला ड्रायव्हर मेमरीत चुकीच्या जागी वाचायला गेला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं कोलमडली, आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. तेही नावाजलेल्या कंपनीचं, तपासणीतून गेलेलं सॉफ्टवेअर. आणि इकडे 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट, वेग दहापट' अशा जाहिराती बघून लोक कुठलीही फाईल चढवतात. माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. ड्रायव्हर हवा असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वतःच्या अपडेटमधून किंवा उपकरण बनवणाऱ्याकडून घ्या. मेहुण्यांच्या मशीनवर असे दोन 'अपडेटर' होते. त्या दिवशी अडकलेला प्रोग्रॅम त्यांपैकीच एक निघाला.

तो काढून टाकल्यावर भाचीला माझा लिनक्सचा लॅपटॉप उघडून दाखवला. त्यात 'प्रॉक' नावाच्या डिरेक्टरीत 'इंटरप्ट्स' नावाची फाईल असते. प्रत्येक ओळीत एक हाक, आणि ती कोणत्या कोअरवर किती वेळा आली त्याचे आकडे. कीबोर्डची ओळ एक नंबरची. ती दर दोन सेकंदांनी ताजी होत राहील असं लावलं आणि शेजारी कोरं पान उघडून दिलं. तिने 'प' दाबला. आकडा दोनने वाढला. "दोन का?" दाबताना ३५ गेला, सोडताना १६३ गेला. दाबल्याच्या आकड्यात १२८ मिळवले की सोडल्याचा. बाणाचं बटण दाबलं तर चारने वाढला, कारण त्या बटणाचा निरोप दोन तुकड्यांत जातो.

मग मी तिला इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठीच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीत, 'पुणे' लिहायला सांगितलं. प, उकार, शिफ्ट, ण, मात्रा, अशी पाच बटणं, म्हणजे आकडा दहाने वाढायला हवा. तिने हळूहळू लिहिलं आणि वजाबाकी केली. चौतीस.

"मामा, तुझं गणित चुकलं."

गणित बरोबर होतं. 'ण' कुठे आहे ते शोधेपर्यंत तिचं एक बोट शिफ्टवर दाबलेलं राहिलं होतं, आणि तेवढ्या वेळात कीबोर्ड "शिफ्ट, शिफ्ट, शिफ्ट" असं चोवीस वेळा ओरडून आला होता. तिने पुन्हा लिहिलं, या वेळी 'ण'वर बोट आधीच ठेवून. दहा.