डेरेक अँड क्लाइव्ह गेट द हॉर्न

रसेल मल्काही या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा १९७९ सालचा ब्रिटिश चित्रपट. पीटर कुक (१९३७–१९९५) आणि डडली मूर (१९३५–२००२) या विनोदी जोडगोळीच्या ‘अ‍ॅड नॉझियम’ (१९७८) या शेवटच्या विनोदी ध्वनिमुद्रिकेचे काम लंडनच्या स्टुडिओत चालू असताना तिथेच कॅमेरे लावून तो टिपला आहे. त्याला कथानक नाही. मायक्रोफोनसमोर बसलेले दोघे, त्यांची अखंड अर्वाच्य बडबड आणि मधूनमधून काचेपलीकडचे तंत्रज्ञ, एवढेच पडद्यावर दिसते. सेन्सॉर मंडळाने प्रमाणपत्र नाकारल्यामुळे चित्रगृहांचे दार त्याला बंद झाले. सामान्य ब्रिटिश प्रेक्षकाला तो राजरोस पाहता आला तो १९९३ मध्ये, घरच्या टीव्हीवर, व्हिडिओ कॅसेटवरून.

शीर्षकातल्या ‘हॉर्न’चा ट्रकच्या मागे ‘ओके प्लीज’च्या जोडीने दिसणाऱ्या हॉर्नशी काही संबंध नाही. ब्रिटिश बोलीत हा शब्द पुरुषाच्या कामोत्तेजनेसाठी वापरतात. चित्रपटाची एकूण पातळी काय आहे, हे शीर्षकच सांगून टाकते.

पार्श्वभूमी : कुक केंब्रिजचा, तर मूर लंडनजवळच्या डॅगनममधल्या कामगार कुटुंबातला आणि ऑर्गनवादनाची शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेलेला. १९६० मध्ये एडिंबराच्या महोत्सवात ॲलन बेनेट आणि जोनाथन मिलर यांच्यासह त्यांनी ‘बियाँड द फ्रिंज’ हा कार्यक्रम केला आणि ब्रिटनमध्ये राजकीय उपहासाची लाट आली. पुढे कुकने लंडनच्या सोहो भागात ‘एस्टॅब्लिशमेंट’ हा क्लब काढला. ‘प्रायव्हेट आय’ या उपहासात्मक नियतकालिकातही त्याची भागीदारी होती. दोघांचे नाव घराघरांत पोचले ते बीबीसीच्या ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’ (१९६५–७०) या मालिकेमुळे. तिच्यात पीट आणि डड नावाचे दोन अर्धशिक्षित, सपाट टोप्या घातलेले इसम कलेपासून मरणापर्यंत कुठल्याही विषयावर गंभीर चेहऱ्याने ज्ञान पाजळत. कुक ऐनवेळी काहीतरी भलतेच बोलून मूरला हसवायचा. मूर ओठ चावत हसू दाबायचा आणि बहुतेक वेळा हरायचा. प्रेक्षक त्या हरण्याचीच वाट पाहत.

डेरेक आणि क्लाइव्ह हे या पीट-डडचेच बिघडलेले भाऊ म्हणावे लागतील. मूर डेरेक, कुक क्लाइव्ह. १९७३ मध्ये ब्रॉडवेवर दोघांचा ‘गुड ईव्हनिंग’ हा प्रयोग लागला. रोज तेच संवाद म्हणून जीव आंबला, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या एका स्टुडिओत बसून त्यांनी निव्वळ स्वतःच्या करमणुकीसाठी काही संवाद मुद्रित केले. लिखित मजकूर नाही, कुणाची आडकाठी नाही. पिता पिता सुचेल ते बोलायचे. इंग्रजीत सर्वांत जड समजली जाणारी, स्त्रीच्या अवयवावरची शिवी दोघे इथे स्वल्पविरामासारखी वापरतात.

हे प्रसिद्ध करायचे त्यांच्या मनातही नव्हते. पण टेपच्या प्रती निघत गेल्या, रॉक बँडवाल्यांच्या दौऱ्यांत त्या एका बसमधून दुसऱ्या बसमध्ये गेल्या, आणि ऐकणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की १९७६ मध्ये आयलंड रेकॉर्ड्सने त्यातूनच ‘डेरेक अँड क्लाइव्ह (लाइव्ह)’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तिचा खप लाखावर गेला. मग व्हर्जिनने १९७७ मध्ये ‘कम अगेन’ आणि १९७८ मध्ये ‘अ‍ॅड नॉझियम’ बाजारात आणली. तिसरीचे नाव लॅटिन आहे. आपल्याकडे ते ‘ओकारी येईपर्यंत’ असे सांगता येईल.

इथे एक विचित्र योग नोंदवायला हवा. टेपवर दुसरे काही मुद्रित करता यावे म्हणून बीबीसीने ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’चे कितीतरी भाग पुसून टाकले. ज्या कामाबद्दल या जोडीला मानमरातब मिळाला, ते असे निम्मेअधिक गेले. आणि शिव्यांच्या टेपा मात्र लोकांनी प्रती काढकाढून जपल्या.

चित्रपट : ‘अ‍ॅड नॉझियम’च्या वेळी दोघांच्या आयुष्याचे काटे उलट दिशांना फिरत होते. मूर हॉलिवूडमध्ये स्थिरावत होता. ‘टेन’ (१९७९) आणि ‘आर्थर’ (१९८१) हे त्याचे गाजलेले चित्रपट जवळच येऊन ठेपले होते. कुकचे पिणे वाढले होते आणि हातात तसे मोठे काम नव्हते. एरवी ध्वनिमुद्रिका ऐकताना हे कळत नाही, कारण कानावर फक्त दोन आवाज येतात. कॅमेऱ्याने मात्र चेहरे दाखवले, आणि माझ्या मते या चित्रपटाचे सारे महत्त्व एवढ्या एका गोष्टीत आहे.

शीर्षक ज्यावरून आले तो संवादच पाहा. क्लाइव्ह आपले गाऱ्हाणे सांगतो : आजकाल कशानेही उत्तेजना येते, अगदी नको त्या गोष्टीनेही. टीव्हीवर दिवंगत पोपचे शव दर्शनासाठी ठेवलेले दिसले, तर तेव्हाही तेच. १९७८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन महिन्यांच्या आत दोन पोप निवर्तले होते, म्हणजे विषय ताजा होता. कुक हे सगळे सपाट, तक्रारखोर आवाजात सांगत राहतो. दात दुखतो म्हणून सांगावे तसे. विनोद आहे तो त्या आवाजात. शिव्या बाजूला काढल्या तर उरतो तो रोज बारमध्ये भेटणारा, जगावर आणि स्वतःवर वैतागलेला, एकटा पडलेला इंग्रज पुरुष.

मूर सुरुवातीला पूर्वीसारखाच हसतो, पुढे कसनुसा हसतो, आणि एका टप्प्यावर उठून बाहेर निघून जातो. जुन्या मालिकेत त्याला हसवणे हा खेळ होता. इथे तो किती सहन करतो याची परीक्षा चालली आहे असे वाटत राहते. कमरेखालचे विनोद म्हणून कॅसेट लावणाऱ्याला शेवटी एक जुनी मैत्री तुटताना पाहावी लागते. काही समीक्षकांना हा निव्वळ पोरकट घाणेरडेपणा वाटतो, आणि लांबलेल्या काही संवादांबाबत ते खरेही आहे. स्त्रियांविषयीचा त्यातला विखार तर आज ऐकवत नाही. तेव्हाही अनेकांना तो ऐकवला नव्हता.

सेन्सॉर आणि कायदा : ब्रिटिश सेन्सॉर मंडळ (स्थापना १९१२) हे सरकारी खाते नव्हे. चित्रगृहात काय दाखवायचे याचा कायदेशीर अधिकार स्थानिक कौन्सिलांचा. मंडळाचा दाखला त्या बहुतेक वेळा मान्य करतात, इतकेच. पण दाखला नसलेला चित्रपट लावायला सहसा कोणी चित्रगृहवाला धजत नाही. या चित्रपटाला केवळ शिव्याच आड आल्या असे नाही. त्यात धर्माची टवाळी होती आणि काळ नाजूक होता. १९७७ च्या जुलैमध्ये माध्यमांतल्या अश्लीलतेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी भरलेल्या खटल्यात ‘गे न्यूज’ हे नियतकालिक आणि त्याचा संपादक येशूवरच्या एका कवितेपायी ईशनिंदेसाठी दोषी ठरले होते. इंग्लंड आणि वेल्समधला ईशनिंदेचा तो गुन्हा रद्द व्हायला पुढे २००८ साल उजाडले. १९७९ मध्येच आलेल्या मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी गटाच्या, येशूच्या काळात घडणाऱ्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’ या चित्रपटाला मंडळाने चौदा वर्षांवरील प्रेक्षकांसाठी दाखला दिला, तरी काही कौन्सिलांनी आपल्या हद्दीत त्याला मनाई केलीच. ध्वनिमुद्रिकांना तर सेन्सॉर नव्हताच. तक्रारी पोलिसांकडे गेल्या, सरकारी अभियोग संचालकांनी खटल्याचा विचारही केला, पण खटला उभा राहिला नाही. त्यामुळे जे दुकानातून विकत घेऊन घरी ऐकता येत होते, तेच बोलताना बोलणाऱ्यांना पाहता मात्र येत नव्हते.

घरगुती व्हिडिओ : ब्रिटनमध्ये व्हीएचएस यंत्रे १९७८ पासून मिळू लागली. सुरुवातीची काही वर्षे कॅसेटला कोणताच दाखला लागत नसे. अश्लील प्रकाशनांचा १९५९ चा कायदा तेवढा होता, आणि त्याच्या आधारे पोलीस दुकानांवर धाडी घालत. भडक भयपटांवरून वर्तमानपत्रांनी काहूर माजवल्यावर १९८४ चा व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायदा आला आणि मोजके अपवाद सोडले तर प्रत्येक कॅसेटला मंडळाचा दाखला सक्तीचा झाला. म्हणजे चित्रगृहाच्या बाबतीत सल्लागार असलेले मंडळ घरातल्या टीव्हीच्या बाबतीत कायद्याचे हात बनले. (हा कायदा युरोपीय आयोगाला रीतसर कळवायचे राहून गेले होते, हे २००९ मध्ये उघडकीला आले. पंचवीस वर्षे ज्याच्या जोरावर शिक्षा झाल्या तो कायदाच अंमलात आणण्याजोगा नव्हता! २०१० मध्ये तो जसाच्या तसा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागला.)

याच व्यवस्थेतून १९९३ मध्ये चित्रपट फक्त प्रौढांसाठीच्या ‘१८’ या दाखल्याने सुटला. तोवर ब्रिटनमध्ये विनोदी कॅसेटांचा धंदा जोरात आला होता. टीव्हीवर ज्यांना कधीच बोलावणे नसे अशा शिवराळ विनोदवीरांच्या, उदाहरणार्थ रॉय चबी ब्राउनच्या, कॅसेटी दुकानांत खपत होत्या. नाताळच्या खरेदीत वडिलांना किंवा भावाला द्यायची ती ठरलेली भेट असे. त्या रांगेत डेरेक आणि क्लाइव्ह वेगळे उठून दिसत नव्हते. चौदा वर्षांपूर्वी जे असह्य होते, ते आता फळीवरचा एक माल होते. पुढे तो डीव्हीडीवरही आला.

तसे पाहिले तर ही त्याची हक्काचीच जागा. दार लावून, मित्रमंडळींत, टेप लावून ऐकायची ही चीज. मोठ्या अंधाऱ्या चित्रगृहात तिकीट काढून बसलेल्या अनोळखी लोकांसाठी ती कधी जन्मलीच नव्हती. दिग्दर्शक मल्काहीचा प्रवासही याला साजेसा आहे. १९७९ मध्येच त्याने बगल्स या बँडच्या ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ या गाण्याचा व्हिडिओ केला, आणि १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही ही अमेरिकन वाहिनी सुरू झाली ती त्याच व्हिडिओने. पुढे त्याने ‘हायलँडर’ (१९८६) दिग्दर्शित केला.

१९९३ च्या डिसेंबरमध्ये क्लाइव्ह अँडरसन या सूत्रसंचालकाच्या टीव्ही कार्यक्रमात कुक चार वेगवेगळ्या पात्रांच्या सोंगांत एकट्यानेच आला आणि जुने दिवस आठवावेत असा रंगला. ९ जानेवारी १९९५ रोजी तो वारला, वय ५७. अमेरिकेत असलेल्या मूरला बातमी कळली तेव्हा त्याने लंडनला कुकच्या घरी फोन लावला. उचलायला कोणी नाही हे त्याला ठाऊक होते. आन्सरिंग मशीनच्या टेपवर पीटरचा आवाज होता, आणि त्याला तेवढाच ऐकायचा होता.